मोठ्या जातीचे सर्व्हिस डॉग (अमेरिका): प्रशिक्षण, बाहेरचा वावर, तब्येत – माहितीचा धागा

नर्मदा_न्यूजर्सी

इथल्या मराठी गटांमध्ये एक प्रश्न वरचेवर येतो. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), एहलर्स-डॅनलॉस, पार्किन्सन्स अशा आजारांत तोल जातो, तेव्हा ग्रेट डेन किंवा बर्नीजसारखा मोठा कुत्रा आणून त्याला घरीच सर्व्हिस डॉग म्हणून तयार करता येईल का? उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत आणि निम्मी चुकीची आहेत. म्हणून हा धागा. घरात मोठा कुत्रा पाळणं वेगळं आणि त्याला रोज दुकानात, दवाखान्यात, हॉटेलात घेऊन जाणं वेगळं. इथे फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहू या.

सुरुवातीचे प्रश्न: कायदा नेमकं काय म्हणतो? कोणती जात घ्यावी? हार्नेसला (कुत्र्याच्या अंगावर बांधायचा मुठीचा पट्टा) धरून भार द्यायला कधीपासून चालतं? एवढं मोठं जनावर टेबलाखाली मावतं कसं?

ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी मोजमापांसकट लिहावं ही विनंती.

---

मुग्धा_के

कायद्यापासून सुरू करते.

एडीए (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट, १९९०) आणि मार्च २०११ पासून लागू झालेले सुधारित नियम यांनुसार, अपंगत्वाशी थेट संबंधित असं ठरावीक काम शिकवलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. नुसत्या सोबतीने धीर देणारा, म्हणजे इमोशनल सपोर्टचा कुत्रा यात बसत नाही. घरी प्रशिक्षण दिलेलं चालतं. जातीवर बंदी नाही, आकारावरही नाही. शहरात एखाद्या जातीला मनाई असली तरी त्या कारणावरून सर्व्हिस डॉगला अडवता येत नाही.

दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो. एक, अपंगत्वामुळे लागणारा हा सर्व्हिस डॉग आहे का? दोन, त्याला कोणतं काम शिकवलंय? आजार कोणता हे विचारता येत नाही, कागद मागता येत नाही, ‘करून दाखवा’ म्हणता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात तयार ठेवा: ‘चालताना तोल सावरायला मदत करतो आणि खाली पडलेली वस्तू उचलून देतो.’ ‘मला बरं वाटतं’ हे कायद्याच्या दृष्टीने उत्तर नाही.

ऑनलाइन मिळणारं ‘नोंदणी प्रमाणपत्र’ आणि ओळखपत्र यांना कायद्यात काडीची किंमत नाही. सरकारी नोंदणी अस्तित्वातच नाही. पैसे घालवू नका. गावाचा नेहमीचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस मात्र सक्तीची आहे.

दोन कारणांनी कुत्र्याला बाहेर काढता येतं: तो आवाक्याबाहेर गेला आणि हँडलरने (त्याला सांभाळणाऱ्याने) आवरला नाही, किंवा त्याने आत घाण केली. समोरच्याला ॲलर्जी आहे किंवा भीती वाटते ही कारणं चालत नाहीत. तरीही मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत लोक पहिल्या कारणाकडे पटकन वळतात. लॅब (लॅब्रडॉर) एकदा भुंकला तर दुर्लक्ष होतं, डेन भुंकला की मॅनेजर येतो.

आणि हे नीट वाचा: *शिकाऊ* कुत्र्याला एडीएचं संरक्षण नाही. तो राज्याच्या कायद्याचा विषय आहे आणि दर राज्यात वेगळा. काही राज्यांत फक्त संस्थेच्या प्रशिक्षकालाच सवलत आहे, घरी शिकवणाऱ्याला नाही. पिल्लू आणण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा.

---

कोयनाकाठ

मुग्धाताईंनी पाया घातलाच आहे, मी प्रशिक्षणाच्या बाजूने लिहितो.

आधी जात. ‘मोठा’ म्हणजे किती हे ठरवा. लॅब ५५ ते ८० पौंड, गोल्डन ५५ ते ७५, स्टँडर्ड पूडल ४० ते ७०. बर्नीज ७० ते ११५. न्यूफाउंडलंड १०० ते १५०. ग्रेट डेन मादी ११० ते १४०, नर १४० ते १७५ पौंड आणि खांद्याशी ३० ते ३२ इंच. वस्तू उचलणं, दार उघडणं, फोन आणून देणं एवढंच काम असेल तर ७० पौंडांच्या वर जायचं काहीही कारण नाही. उंच माणसाचा चालताना तोल जातो, हाताला एक स्थिर बिंदू हवा असतो, तिथेच डेनची उंची उपयोगी पडते. मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचची ‘सर्व्हिस डॉग प्रोजेक्ट’ ही संस्था याच कामासाठी ग्रेट डेन तयार करते. ज्यांना दीड-दोन वर्षं पिल्लू वाढवणं झेपणार नाही त्यांनी संस्थांकडे अर्ज करणं हाच मार्ग धरावा. प्रतीक्षा मोठी असते, पण कुत्रा तयार मिळतो.

न्यूफाउंडलंड, सेंट बर्नार्ड स्वभावाने गोड असतात, पण लाळ आणि उष्णता या दोन गोष्टींमुळे टेक्सस-फ्लोरिडात उन्हाळ्यात निरुपयोगी ठरतात.

पिल्लाची निवड: आई-वडिलांचे हिप, एल्बो आणि हृदयाचे तपासणी अहवाल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वभावात मी एकच गोष्ट सगळ्यात वर ठेवतो, दचकल्यानंतर सावरायला लागणारा वेळ. स्टीलचं ताट जमिनीवर टाका. पिल्लू दचकणारच. पाच-दहा सेकंदांत परत येऊन ताटाला हुंगत असेल तर उत्तम. कोपऱ्यात जाऊन बसलं आणि मिनिटभर बाहेर आलं नाही, तर ते पिल्लू प्रेमळ घरासाठी चांगलं, या कामासाठी नाही.

---

पशुवैद्य_ह्यूस्टन

वाढीबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे झालेलं नुकसान नंतर भरून निघत नाही.

राक्षसी जातींत हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या (ग्रोथ प्लेट) साधारण १८ ते २४ महिन्यांत बंद होतात. लॅबच्या आकाराच्या कुत्र्यात थोड्या आधी. त्या बंद होईपर्यंत भार नाही, गाडीतून उडी नाही, जिन्यावर धावणं नाही, डांबरी रस्त्यावर लांब पळणं नाही. मऊ जमिनीवर स्वतःच्या मर्जीने बागडू द्या. वय मोजून ‘दोन वर्षं झाली’ म्हणून सुरू करू नका, एक्स-रे काढून खात्री करा. पेनहिप पद्धतीची हिपची तपासणी १६ आठवड्यांपासून करता येते आणि सांधा किती सैल आहे हे लवकर कळतं. ओएफएचा (एक्स-रे तपासून सांध्यांवर शेरा देणारी अमेरिकन संस्था) अंतिम शेरा २४ महिन्यांनंतरच मिळतो. शहाणपणाचा क्रम असा: ५-६ महिन्यांत पेनहिप, निकाल वाईट असेल तर तिथेच थांबून भार नसलेल्या कामांकडे वळायचं. निकाल चांगला असेल तर २४ महिन्यांना हिप, एल्बो आणि पाठीचा एक्स-रे.

खाणं: पोत्यावरचं पोषणविधान वाचा. त्यात ‘मोठ्या आकाराच्या (प्रौढपणी ७० पौंड किंवा अधिक) कुत्र्यांच्या वाढीसह’ अशा अर्थाचं वाक्य हवं. ‘मोठ्या जातींना चालेल’ हे जाहिरातीतलं वाक्य पुरेसं नाही. कारण कॅल्शियम. इतर पिल्लांच्या खाण्यात कोरड्या वजनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत चालतं, मोठ्या आकाराच्या पिल्लांसाठी मर्यादा १.८ टक्के आहे. पिल्लांचं शरीर जादा कॅल्शियम आतड्यातच रोखू शकत नाही, मग हाडांची वाढ वेडीवाकडी होते. म्हणून वरून कॅल्शियमची पावडर, रोज दूध-पनीर, ‘हाडं मजबूत व्हावीत म्हणून’ काहीही नको. पिल्लू सडपातळ ठेवा. फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. गुबगुबीत डेन पिल्लू बघायला छान वाटतं, त्याच्या सांध्यांना ते वजन महाग पडतं.

पोट फुगून पीळ बसणं (जीडीव्ही): सगळ्या जातींत ग्रेट डेन यात वरच्या क्रमांकावर. लक्षणं: उलटीचा उमाळा येतो पण फेसाशिवाय काही पडत नाही, पोट टणक, येरझाऱ्या, लाळ. तासभर थांबून बघू असं चालत नाही, थेट आपत्कालीन दवाखाना. नसबंदीच्या वेळीच गॅस्ट्रोपेक्सी (जठर पोटाच्या भिंतीला टाचणं) करून घ्या. त्याने पोट फुगणं थांबत नाही, पीळ पडणं थांबतं, आणि जीव पिळामुळे जातो. दिवसातून दोन-तीन वेळा विभागून खाणं, सावकाश खायला लावणारी थाळी. उंच स्टँडवरची वाटी नको. परड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच वाटीने धोका वाढलेला दिसला होता, तरी दुकानं ती अजून मोठ्या कुत्र्यांसाठी म्हणूनच विकतात.

---

ओहायोकर

डॉक्टर, फार उपयोगी. एक विचारतो. वडिलांना पार्किन्सन्स आहे, वजन ८५ किलो. खुर्चीतून उठताना कुत्र्याच्या पाठीवर हात रेटून उठता येईल का? व्हिडिओंमध्ये सर्रास दिसतं.

---

तिसरा_मजला

फिजिओथेरपिस्ट म्हणून उत्तर देतो: नाही. काकांनी तसं करू नये आणि कुत्र्याला तसं शिकवूही नये.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकच समजल्या जातात.

पहिली, प्रतितोल. माणूस हार्नेसची मूठ हलकेच धरतो. शरीर डावीकडे झुकलं की मुठीतून जाणीव होते आणि कुत्र्याच्या स्थिर वजनाचा आधार घेऊन सरळ होता येतं. ताण थोडा असतो आणि बहुतेक वर किंवा बाजूला जातो.

दुसरी, पुढे हलकी ओढ. पाऊल अडखळतं, गोठतं, तेव्हा कुत्रा एक पाऊल पुढे टाकतो आणि चाल सुरू होते. पार्किन्सन्समध्ये हीच सगळ्यात उपयोगी. काही कुत्र्यांना माणसाच्या बुटावर पंजा टेकवायला शिकवतात, त्या स्पर्शानेही गोठलेलं पाऊल सुटतं.

तिसरी, वरून भार. म्हणजे कुत्रा ताठ उभा आणि माणूस त्याच्यावर रेटून उठतो. कुत्र्याचा कणा आडवा असतो, वरून खाली दाब झेलायला तो बनलेलाच नाही. शिवाय खुर्चीतून उठताना माणूस सरळ खाली दाबत नाही, तिरका ढकलतो. कुत्रा पाऊलभर सरकला की दोघेही जमिनीवर.

उठण्यासाठी भिंतीत बसवलेला दांडा, उंच केलेली खुर्ची, वॉकर. या गोष्टी सरकत नाहीत आणि त्यांना सांधेदुखी होत नाही. पडल्यावर उठवणं हेही कुत्र्याचं काम नाही. त्याला फोन आणायला शिकवा, घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवायला शिकवा, हलकी घडीची काठी ओढत आणायला शिकवा.

---

कोयनाकाठ

+१. फक्त एक मतभेद नोंदवतो. अनुभवी संस्था प्रौढ, तपासलेल्या डेनवर खांद्याच्या पट्ट्यात क्षणभराचा मर्यादित भार घेऊ देतात आणि ते काम नीट चालतं. पण त्या संस्था कुत्रा आणि माणूस दोघांची मापं घेऊन जोडी लावतात. घरी शिकवणाऱ्याने तिसरा प्रकार सोडूनच द्यावा, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत.

---

तिसरा_मजला

तेवढं मान्य. भार खांद्याच्या हाडांच्या वरच, कंबरेकडे कधीच नाही, आणि क्षणभरच.

हार्नेसच्या मापाबद्दल: छातीवरचा पट्टा इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा हवा, छातीच्या हाडावर टेकणारा. आडवा पट्टा खांद्याची हालचाल अडवतो. पोटाखालचा पट्टा काखेपासून दोन-तीन इंच मागे. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत. मूठ खांद्यांच्या वर, पाठीच्या मध्यावर नाही. उंची अशी की सरळ उभं राहून, कोपर किंचित वाकवून हात मुठीवर पोचेल, काठीचं माप घेतात तसंच. कुत्रा बुटका म्हणून मूठ उंच बसवली तर ती तरफेसारखी वागते आणि प्रत्येक झोक्याला कणा पिळला जातो. कुत्रा लहान पडत असेल तर मूठ वाढवू नका, ते काम दुसऱ्या साधनाकडे द्या.

भार हळूहळू वाढवताना सामान तोलायचा डिजिटल काटा मुठीला अडकवून ओढून बघा. हाताला ‘हलकं’ वाटणारा झटका आकड्यात किती भरतो हे एकदा पाहिलं की हात आपोआप मऊ होतो. पहिल्या आठवड्यात घरातच एक-दोन मिनिटं, मग अंगण, मग सपाट फुटपाथ. उतार सगळ्यात शेवटी.

दुखण्याच्या खुणा: हार्नेस काढला की तोंड फिरवणं, उठायला वेळ लावणं, एका कुल्ल्यावर कलून बसणं, पावलं आखूड होणं. यातली एकही दिसली तर त्या दिवसापासून भार बंद आणि तपासणी.

---

नर्मदा_न्यूजर्सी

आता बाहेरच्या वावराबद्दल कोणी लिहील का? हॉटेलात, किराणा दुकानात एवढा मोठा कुत्रा ठेवायचा कसा?

---

कोयनाकाठ

माझ्या मते मोठ्या सर्व्हिस डॉगचं निम्मं प्रशिक्षण म्हणजे त्याला कमी जागेत मावायला शिकवणं. बस, थांब, सोबत चाल हे सगळे शिकवतात. खालच्या चार गोष्टी राहून जातात आणि मग दुकानात अडचण होते.

मागे सरकणं. डेन अरुंद जागेत वळू शकत नाही. वळला तर शेपटीने खालचं कपाट रिकामं करतो. घरात सोफा आणि भिंत यांच्यात दोन फुटांची गल्ली करा. कुत्रा आत, तुम्ही त्याच्या समोर. एक पाऊल त्याच्याकडे टाका, तो एक पाऊल मागे गेला की लगेच क्लिक (शाबासकीचा ‘टिक’ आवाज करणारी डबी वाजवणं) आणि खाऊ, आणि खाऊ त्याच्या पुढच्या पायांच्या मध्ये, छातीखाली द्या, म्हणजे डोकं खाली जाऊन तो आणखी मागे सरकतो. एका पावलावरून दहा पावलांपर्यंत न्या. मग शब्द जोडा. मग गल्ली काढून टाका. बहुतेक कुत्रे मागे जाताना तिरके होतात, कारण त्यांना मागचे पाय आहेत हे जाणवतच नाही. जमिनीवर चार काठ्या ठेवून त्यांवरून सावकाश चालवलं, पुढचे पाय पाटावर ठेवून मागच्यांनी गोल फिरायला शिकवलं की ते सुधारतं.

पाठीमागे चालणं. एडीएच्या मापाप्रमाणे वाट किमान ३६ इंच रुंद असते. त्यात माणूस आणि डेन शेजारी शेजारी चालले आणि समोरून कार्ट आली की कोंडी. पट्टा पाठीमागून दुसऱ्या हातात घ्यायचा आणि कुत्रा तुमच्या मागे एका रांगेत. हे भिंतीलगत शिकवा, खाऊ पाठीमागच्या हातातून द्या.

गुंडाळून झोपणं. मोठा डेन आडवा झाला की चार-पाच फूट जागा घेतो. छोट्या टेबलाखाली तो पूर्ण मावतच नाही, तसा हट्ट करू नका. हॉटेलात भिंतीलगतची किंवा कोपऱ्यातली जागा मागा. कुत्र्याला खुर्ची आणि भिंत यांच्यात मागे सरकवून आत घ्या, म्हणजे डोकं तुमच्या पायाशी आणि शेपटी भिंतीकडे. पायवाटेत पंजाही नको. तीन बाय चार फुटांची न घसरणारी चटई सोबत ठेवा आणि सराव तिच्यावरच करा. मग चटई दुमडून तीन बाय तीन, मग अडीच बाय अडीच. कुत्रा पाय आत घ्यायला आपणहून शिकतो. शेपटी आत घेतल्याबद्दल वेगळा खाऊ द्या. बसायची जागा कठीण असेल तर कोपरावर घट्टे पडतात, पुढे पाण्याची गाठ येते, त्यामुळे चटईला किमान इंचभर फोम हवा. घरच्या गादीला चार इंच.

हनुवटी टेकणं. तुमच्या मांडीवर किंवा तळहातावर हनुवटी ठेवून स्थिर राहणं. डॉक्टरकडे, लिफ्टमध्ये, चेकआउटच्या रांगेत याने डोकं एका जागी राहतं. डेनचं नाक थेट ओट्याच्या, काउंटरच्या उंचीला येतं. मान न उचलताही तो बेकरीच्या काउंटरवरचं हुंगू शकतो. डोकं कुठे ठेवायचं हे शिकवलं नाही तर तो स्वतः ठरवतो.

अंगावर वजन ठेवून शांत करण्याचं काम (डीपीटी) असेल तर मोठ्या कुत्र्याने पूर्ण अंग टाकायचं नाही. फक्त डोकं, किंवा बसलेल्या माणसाच्या मांडीवर पुढचे दोन पाय आणि छाती. ६० किलोंचा कुत्रा छातीवर आला तर श्वास अडकतो.

---

सिद्धटेक

दुकानात न्यायला सुरुवात किती महिन्यांना करावी?

---

कोयनाकाठ

बाहेरच्या जगाची ओळख ३ ते १४ आठवड्यांतच होते, पण ती दुकानात नाही. लशी पुऱ्या होईपर्यंत ढकलगाडीत बसवून. डेनचं पिल्लू दहा-बारा आठवड्यांनंतर उचलवत नाही, त्यामुळे घडीची गाडी खरंच लागते. पार्किंगमध्ये बसून लोक, कार्ट, ट्रकचे आवाज, व्हीलचेअर बघणं आणि खाऊ, इतकंच.

मग जिथे पाळीव प्राण्यांना परवानगी आहे अशी हार्डवेअरची दुकानं. पहिल्या वेळी दहा मिनिटं. कुत्रा दमायच्या आधी बाहेर. ‘आज छान करतोय तर अजून अर्धा तास’ हा मोह टाळा, बिघाड बहुतेक त्याच अर्ध्या तासात होतो. किराणा दुकान आणि हॉटेल सर्वात शेवटी, वर्षाच्या पुढे, आणि राज्याचा नियम परवानगी देत असेल तरच.

६ ते १४ महिन्यांत भीतीचा दुसरा टप्पा येतो. काल ज्या सरकत्या दारातून आरामात गेला त्याच दारापाशी आज ११० पौंडांचा कुत्रा चारही पाय रोवून उभा राहतो. ओढू नका. ओढून तो येत नाही आणि पुढे त्या दाराचीच धास्ती बसते. दहा फूट मागे या, खाऊ, परत घरी. दोन आठवडे ते दार सोडून द्या.

आयएएडीपीचा (सहायक कुत्रे वापरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) किमान निकष सहा महिन्यांत १२० तास प्रशिक्षण, त्यातले ३० तास सार्वजनिक ठिकाणी, असा आहे. कायद्याने बंधनकारक नाही, पण नोंदवही ठेवा: तारीख, ठिकाण, किती मिनिटं, काय चुकलं. पुढे घरमालक किंवा नोकरीच्या ठिकाणी प्रश्न आला तर उपयोग होतो. मोठ्या जातीला १२० तासांत पूर्ण तयार समजू नका, डोक्याने ती दोन वर्षांपर्यंत पिल्लूच असते.

---

ओहायोकर

सरकता जिना?

---

कोयनाकाठ

नाही. पायऱ्या एकमेकींत शिरतात तिथे नख आणि बोट अडकतं. छोटा कुत्रा उचलून नेता येतो, हा नाही. लिफ्टच. आत शिरताना दोघे सोबत, पट्टा आखूड, आत गेल्यावर वळून तोंड दाराकडे. दार बंद होण्याआधी शेपटी आत आहे हे डोळ्यांनी बघा. पट्टा कधीही दाराच्या दोन बाजूंना नको.

---

नर्मदा_न्यूजर्सी

एक आपला प्रश्न. गणपती, देऊळ, मंडळाचे कार्यक्रम. सर्व्हिस डॉगला नाही म्हणू शकतात का?

---

मुग्धा_के

देऊळ म्हणू शकतं. धार्मिक संस्था आणि त्यांच्या ताब्यातल्या संस्था एडीएच्या सार्वजनिक ठिकाणांच्या भागातून वगळलेल्या आहेत. मंदिराचं सभागृहही त्यात येतं. त्यामुळे तिथे कायदा दाखवून वाद घालू नका, विश्वस्तांशी आठवडाभर आधी बोला. बऱ्याचदा गाभाऱ्यात नाही पण सभामंडपाच्या मागच्या बाजूला चालेल असा मध्यम मार्ग निघतो.

मंडळाने सरकारी शाळेचं सभागृह घेऊन तिकीट लावून नाटक ठेवलं असेल तर तिथे धार्मिक संस्थेची सूट लागू होत नाही. आयोजकांना आधी कळवणं सक्तीचं नाही. तरी कळवा, म्हणजे रांगेच्या टोकाची, भिंतीकडची खुर्ची मिळते. मध्ये बसलात तर मध्यंतरात वीस जणांना कुत्रा ओलांडावा लागतो.

आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना कुत्र्याची खरोखर भीती असते. त्यांचा मान ठेवून अंतर ठेवणं आपल्याच हातात आहे. कुत्र्याला भिंत आणि तुमचे पाय यांच्यात बसवा आणि मुलं धावत आली की तुम्ही स्वतः मध्ये उभे राहा. ‘काम करतोय, हात लावू नका’ हे मराठीतून हसून सांगितलं की लोक ऐकतात.

---

पशुवैद्य_ह्यूस्टन

कार्यक्रमातल्या खाण्याबद्दल. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, आणि प्रसादाचा शिरा, खीर, पुलाव, सगळ्यांत मनुका असतात. कांदा-लसूण विषारी, म्हणजे जवळपास प्रत्येक भाजी-आमटी. चॉकलेट, मॅकाडेमिया, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं च्युइंगगम (काही पीनट बटरमध्येही झायलिटॉल असतं, डबा वाचा). पंगत जमिनीवर असेल तर कुत्रा त्या खोलीत नको. ‘सोड’ कितीही पक्कं असलं तरी नाकापासून सहा इंचांवर तीस ताटं हा सराव नाही, परीक्षा आहे. आजी-आजोबा प्रेमाने घास पुढे करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

ढोल-ताशा: मिरवणुकीला कुत्रा नेऊ नका. आवाजाचा सराव रेकॉर्डिंगवर करता येतो. अगदी बारीक आवाज, खाऊ, दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवत. लांबून ऐकू आलं तर घाबरू नये इतकाच त्या सरावाचा हेतू. पथकाच्या शेजारी उभं राहण्यासाठी नाही. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात.

---

सिद्धटेक

विमानाने भारतात नेता येईल का? डेन.

---

मुग्धा_के

जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांनुसार विमान कंपन्या सर्व्हिस डॉगसाठी परिवहन विभागाचा फॉर्म मागू शकतात, ४८ तास आधी. आठ तास किंवा जास्तीच्या प्रवासाला शू-शीबद्दलचा दुसरा फॉर्म. जातीवरून नाकारता येत नाही, पण कुत्रा तुमच्या पायांच्या जागेत मावला पाहिजे, शेजाऱ्याच्या जागेत नको. इकॉनॉमीत सीट साधारण १७-१८ इंच रुंद. प्रौढ डेन एका सीटपुढे मावत नाही, शेजारची सीट विकत घेऊनही अवघडच.

परतीचं जास्त कठीण. सीडीसीच्या (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) यादीत भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांत आहे. ऑगस्ट २०२४ पासून परत येताना मायक्रोचिप, सहा महिन्यांवरचं वय आणि अमेरिकेत लस दिल्याचा फॉर्म लागतो, आणि तो निघण्यापूर्वीच पशुवैद्याकडून भरून सरकारी शिक्क्यासह घ्यायचा असतो. भारतात असताना लशीची मुदत संपली तर ती सोय जाते, मग रक्ततपासणी किंवा विलगीकरण. भारतात शिरायला एक्यूसीएसचं (भारत सरकारचा प्राणी विलगीकरण विभाग) ना-हरकत पत्र वेगळं.

एडीए तिथे लागू नाही, रस्त्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी समोर येते, मुंबईचा उन्हाळा डेनला झेपत नाही. महिन्याभराच्या भेटीसाठी कुत्रा इथेच विश्वासू माणसाकडे ठेवावा आणि तिथे वॉकर किंवा काठी वापरावी असं माझं स्पष्ट मत.

---

ओहायोकर

एकूण कामाची वर्षं किती मिळतात? खर्चाचा अंदाज त्यावर ठरेल.

---

पशुवैद्य_ह्यूस्टन

डेनचं आयुष्य साधारण ७ ते १० वर्षं. दोन वर्षं तयारीत, सहा-सात वर्षांचा झाला की भाराचं काम कमी करावं लागतं. म्हणजे चार-पाच वर्षं. बर्नीजचंही जवळपास तसंच. लॅब ११ ते १३ वर्षं जगतो आणि नऊ-दहापर्यंत हलकी कामं करतो. म्हणून डेन घेणाऱ्याने पहिला कुत्रा चार वर्षांचा असतानाच पुढच्याचा विचार सुरू करावा, नाहीतर मध्ये दोन वर्षं आधाराविना जातात आणि त्या काळात म्हाताऱ्या कुत्र्यावर नको तेवढा भार पडतो. डेनला हृदयाचा डीसीएम हा आजारही बराच होतो. दरवर्षी इकोकार्डिओग्राम करा. पहिलं लक्षण कधी कधी फक्त ‘लवकर दमतो’ एवढंच असतं.

काकांसाठी विचारत असाल तर लॅब किंवा गोल्डनच बघा. गोठलेलं पाऊल सोडवायला आणि फोन आणायला तो पुरतो, आणि तुमच्या आईला एकटीने सांभाळता येईल.

---

ओहायोकर

पटलं डॉक्टर. तिसरा_मजला यांनी सांगितलेला दांडा या आठवड्यात बसवून घेतो. शेवटचं: गुळगुळीत फरशीवर मोठे कुत्रे घसरतात, त्यावर काय?

---

कोयनाकाठ

आधी नखं. उभं असताना नख जमिनीला टेकत असेल किंवा चालताना टकटक ऐकू येत असेल तर लांब आहे, पंजा मागे कलतो आणि पकड जाते. दर आठवड्याला थोडं थोडं घासायच्या यंत्राने कमी करा, म्हणजे आतली शीरही हळूहळू मागे सरकते. मग पंजाच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला कापा. एवढ्याने बहुतेकांचं काम होतं. उरलेल्यांसाठी नखांवर चढवायच्या रबरी कड्या. रबरी तळाचे बूट शेवटी, कारण बुटात जमीन जाणवत नाही आणि प्रतितोलाचं काम करणारा कुत्रा पाऊल टाकायला कचरतो. उन्हाळ्यात डांबर तापलं की मात्र बूट हवेतच. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर कुत्र्यालाही नको.

घरात सोफा ते स्वयंपाकघर ते दार एवढ्या वाटेवर रबरी पाठीच्या पट्ट्या अंथरा. काकांनाही त्यांचा उपयोग होईल, फक्त कडा दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने पक्क्या करा, पाय अडखळायला नको.